रणांगणावरची एक्स-रे परिचारिका : इरेन क्यूरी

मादाम क्यूरींचे नाव आपल्या धर्मग्रामातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. रेडियमचा शोध, दोन नोबेल पारितोषिके, संशोधनापायी झिजलेले शरीर हे सारे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचलेले असते. त्यांची थोरली मुलगी इरेन हिच्याबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही. लिहिलेच तर तिलाही नोबेल मिळाले, एवढ्या एका ओळीवर भागवले जाते. ते पारितोषिक मिळण्याच्या वीस वर्षे आधी ही मुलगी परिचारिका होती, आणि जखमी सैनिकांपर्यंत एक्स-रे पोहोचवण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या आघाडीलगत एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होती, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्या घराघरांतून मुली नर्सिंगच्या शिक्षणाला गेल्या, आजही जातात. म्हणून या रविवारी आम्ही इरेनच्या त्या चार वर्षांबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत. तिच्या प्रयोगशाळेतील कामगिरीवर पुस्तके आहेत. तिच्या नर्सपणाकडे मात्र त्यांत ओझरतेच पाहिलेले असते.

इरेनचा जन्म १२ सप्टेंबर १८९७ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक रोंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. माणसाच्या हाताची हाडे जिवंतपणी, कातडीला धक्का न लावता पाहता येतात याचे जगाला अप्रूप वाटत होते. म्हणजे इरेन आणि एक्स-रे जवळजवळ बरोबरीनेच वाढले म्हणायचे.

आईवडील दोघेही दिवसभर प्रयोगशाळेत. त्यामुळे मुलीला वाढवले ते आजोबांनी. पिएर क्यूरींचे वडील, डॉक्टर युजीन क्यूरी, पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे राहायला आले आणि नातीचे सवंगडीच बनले. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यावर मालाने भरलेल्या घोडागाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला तेव्हा इरेन आठ वर्षांची होती आणि धाकटी बहीण एव्ह जेमतेम दीड वर्षाची. आई दुःखाने मिटून गेली. घरात मृत वडिलांचे नाव काढायचीही सोय राहिली नाही. अशा वेळी आजोबाच मुलींचा आधार झाले. १९१० साली तेही गेले.

हे आजोबा धर्म न मानणारे होते. क्यूरी दांपत्याचा विवाहही नोंदणी पद्धतीने झाला होता, आणि मुलींना धर्मशिक्षण दिले गेले नाही. इरेनची पोलंडमधील आजी मात्र निष्ठावंत कॅथलिक होती. ती १८७८ साली क्षयाने वारली, तेव्हा इरेनच्या आईचे वय दहा वर्षांचे होते. त्या मृत्यूनंतर तिची श्रद्धा ओसरत गेली. आमच्या पत्रकात अशा व्यक्तीचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. ज्या जखमींच्या अंगातून इरेनने लोखंडाचे तुकडे शोधून दिले त्यांनी तिला हा प्रश्न विचारला नव्हता, एवढेच आमचे उत्तर आहे.

शाळेच्या बाबतीत मादाम क्यूरींची मते ठाम होती. मुलांना तासन्‌तास वर्गात कोंडून ठेवणे त्यांना पटत नसे. त्यांनी आणि सॉर्बोन विद्यापीठातील काही प्राध्यापक मित्रांनी मिळून आपल्या मुलांसाठी सुमारे दोन वर्षे एक आगळीच शाळा चालवली. दहाएक मुले, आणि शिकवायला मादाम क्यूरी, जाँ पेराँ, पॉल लांजव्हँ यांच्यासारखे शास्त्रज्ञ! गणिताची आणि हाताने प्रयोग करण्याची गोडी इरेनला तिथेच लागली. पुढे नेहमीच्या शाळेत जाऊन १९१४ साली ती पदवीपूर्व परीक्षा उत्तीर्ण झाली. स्वभावाने ती अबोल होती. कपड्यालत्त्याची हौस नाही, गोड बोलून वेळ मारून नेणे तर मुळीच जमत नसे. जे वाटेल ते सरळ तोंडावर सांगून मोकळी. अशी माणसे समारंभात खटकतात. शस्त्रक्रियेच्या खोलीत मात्र त्यांचा उपयोग होतो.

१९१४ च्या उन्हाळ्यात इरेन व एव्ह ब्रिटनीच्या समुद्रकिनारी सुट्टीवर होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला युद्ध पेटले. आई पॅरिसमध्ये, मुली दूर किनाऱ्यावर. इरेन सोळा वर्षांची. तिला तडक पॅरिसला येऊन काहीतरी काम करायचे होते, आणि आई पत्रांतून तिला धीर धरायला, धाकट्या बहिणीकडे लक्ष द्यायला सांगत होती. जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने येत होत्या. सप्टेंबरच्या आरंभी मादाम क्यूरींनी आपल्या प्रयोगशाळेतील एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून स्वतः रेल्वेने बोर्दो शहरात नेऊन ठेवले आणि लगेच त्या पॅरिसला परतल्या. प्रयोगशाळेतील पुरुष सैन्यात गेलेले, संशोधन बंद. मग आपण काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर त्यांना रुग्णालयांत मिळाले. एक्स-रेची यंत्रे होती, पण ती मोठ्या शहरांत, मोजक्या रुग्णालयांत. जखमी पडत होते ते आघाडीवर. या युद्धात तोफगोळ्यांचा मारा भयंकर होता. गोळा फुटला की लोखंडाच्या लहानमोठ्या कपच्या अंगात घुसत. त्यांच्याबरोबर चिखल आणि गणवेशाच्या चिंध्याही आत जात. जखम चिघळे, सडू लागे. त्या काळी पेनिसिलीन नव्हते. तुकडा लवकर काढणे हाच उपाय, पण तो कुठे आहे हे दिसणार कसे? शल्यचिकित्सक जखमेत सळई घालून चाचपत. कधी तुकडा हाती लागे, कधी मांस विनाकारण फाटे, आणि काढायला सोपी असलेली कपची न सापडल्यामुळे हात किंवा पाय कापावा लागे. अशा माणसाला एक्स-रेसाठी शहरात पाठवावे तर रेल्वेच्या डब्यातील लांबच्या प्रवासात तो दगावण्याची भीती.

रुग्ण यंत्रापर्यंत येऊ शकत नसेल तर यंत्र रुग्णापर्यंत न्यायचे, असे मादाम क्यूरींनी ठरवले. हे आज आपल्याला साधे वाटते. त्या वेळी त्यासाठी त्यांना सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. फ्रेंच रेडक्रॉसने त्यांच्यावर एक्स-रे सेवेची जबाबदारी सोपवली. महिलांच्या एका संघटनेने पहिल्या गाडीसाठी पैसे दिले. पुढे श्रीमंत घरांतील बायकांकडे जाऊन त्यांनी मोटारी मागून घेतल्या. प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत पडून असलेली यंत्रे गोळा केली. मोटारीच्या इंजिनावर चालणारा डायनामो बसवला, म्हणजे ज्या खेड्यात वीज नाही तिथेही काम अडायला नको. क्ष-किरणांची नळी, पडदा, फोटोच्या काचा, खिडक्यांना लावायचे काळे पडदे असा सारा सरंजाम गाडीत. गाडी रुग्णालयाच्या आवारात उभी राही, लांब तार खिडकीतून आत नेली जाई, खोलीत अंधार केला जाई आणि साधारण अर्ध्या तासात पहिला जखमी नळीसमोर झोपवला जाई. या गाड्यांना पुढे छोट्या क्यूरी असे लाडके नाव पडले.

दरम्यान इरेन पॅरिसला आली होती. रिकाम्या हातांनी आईच्या मागे मागे हिंडण्यात तिला रस नव्हता. तिने परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळवले. आईकडून ती यंत्र चालवायला शिकली. १ नोव्हेंबर १९१४ रोजी मायलेकी गाडी घेऊन क्रेय या गावी गेल्या. तिथे आघाडीवरून आणलेल्या जखमींचे रुग्णालय होते. इरेनला सतरावे संपून अठरावे लागले होते. सतरा वर्षांच्या मुलीने काय पाहावे आणि काय पाहू नये याचे प्रत्येक घराचे नियम असतात. मादाम क्यूरींनी मुलीला त्या खोलीत नेले आणि मुलीने डोळे फिरवले नाहीत. आई स्वतः चेहऱ्यावर काही दिसू देत नसे, मुलीनेही तोच धडा घेतला. जखमींना वाटे, हे यंत्र दुखवेल. त्यांना समजावणे, फोटो काढायला दुखत नाही हे पटवणे, मोडलेला पाय न दुखवता नीट ठेवणे हे सगळे परिचारिकेचे काम. आणि ते झाल्यावरच यंत्राचे काम.

इथे आम्हाला थोडे गणित सांगायला हवे, कारण त्याशिवाय इरेनने काय केले ते कळणार नाही. साध्या एक्स-रे फोटोत तुकडा दिसतो, पण तो किती खोल आहे ते दिसत नाही. मांडीत पुढच्या बाजूला असलेली कपची आणि मागच्या बाजूला असलेली कपची, दोन्हींची सावली पडद्यावर सारखीच. लहानपणी आपण सर्वांनी कंदिलासमोर हात धरून भिंतीवर सावल्या पाडल्या आहेत. कंदील थोडा बाजूला सरकवला की सावलीही सरकते. हात भिंतीजवळ असेल तर सावली थोडी सरकते, भिंतीपासून दूर असेल तर पुष्कळ. नेमके हेच तत्त्व येथे वापरले जाई. एकदा फोटो घ्यायचा, मग नळी मोजून ठरावीक अंतर सरकवायची आणि दुसरी सावली घ्यायची. दोन सावल्यांमधले अंतर मोजले की त्रिकोणांच्या हिशोबाने तुकड्याची खोली निघते. मग शल्यचिकित्सकाला सांगायचे, अमुक ठिकाणी, इतकी सेंटीमीटर आत. पुढे मोठ्या युरोपीय रुग्णालयांत याला निरनिराळी साधने निघाली. इरेनकडे होती मोजपट्टी, पेन्सिल आणि शाळेत आवडीने शिकलेली भूमिती.

१९१५ साली मादाम क्यूरींनी तिला बेल्जियममधील होग्स्ताद येथील लष्करी रुग्णालयात एकटीला ठेवले. आघाडी काही किलोमीटरवर. त्या वर्षीच्या १२ सप्टेंबरला इरेन अठरा वर्षांची झाली तेव्हा ती त्या रुग्णालयातील एक्स-रे कक्षाची प्रमुख होती. तेथील एक बेल्जियन लष्करी डॉक्टर जुन्या वळणाचे होते. गोळी शिरली तिथूनच ती शोधायची, ही त्यांची रीत. इरेनने हिशोब करून तुकडा नेमका कुठे आहे ते सांगितले, तरी ते जखमेच्या तोंडातूनच सळई घालून चाचपत राहिले. तुकडा सापडेना. टेबलावर माणूस, डॉक्टर वयाने आणि हुद्द्याने मोठे, आणि समोर परदेशी, अठरा वर्षांची, अबोल मुलगी. गप्प राहणे सोपे होते. तिने दुसऱ्या बाजूने, वेगळ्या कोनातून जाण्यास सांगितले. त्यांनी अखेर तसे केले आणि तुकडा हाती आला.

या प्रसंगाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. यंत्र होते, गाडी होती, वीज होती, फोटोही निघाला होता. तरीही त्या सैनिकाला त्या फोटोचा काडीइतका फायदा झाला नसता, जर तो वाचता येणारी आणि मोठ्यांपुढे आपले म्हणणे धरून ठेवणारी परिचारिका तिथे उभी नसती. ज्या घरात नर्स आहे त्या घराला हे नव्याने सांगावे लागणार नाही. डॉक्टर चुकतोय हे नर्सला दिसते, पण बोलावे कसे, या पेचात तिची कित्येक वर्षे जातात.

इरेनच्या कामाची एक रीत होती. एका ठिकाणी जायचे, यंत्र बसवायचे, बिघाड झाला तर स्वतःच दुरुस्त करायचा, तिथल्या परिचारिकांना आणि मदतनिसांना शिकवायचे, आणि त्या स्वतंत्रपणे काम करू लागल्या की पुढच्या ठिकाणी निघायचे. आपल्यावाचून अडू नये याचीच तिला काळजी. १९१६ साली सोम नदीच्या खोऱ्यातील आमिएं शहरात तिने असेच केंद्र उभे केले. त्या वर्षी सोमच्या लढाईने किती माणसे खाल्ली ते इतिहासात नोंदलेले आहे.

गाड्या वाढत गेल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे २० गाड्या आणि २०० कायम एक्स-रे कक्ष मादाम क्यूरींच्या देखरेखीखाली उभे राहिले. पण गाड्या वाढल्या तशी एक नवीच अडचण पुढे आली. यंत्र आहे, चालवणारे कोणी नाही! डॉक्टर शस्त्रक्रियांत गुंतलेले, आणि शिकवलेल्या पुरुषाची बदली केव्हा होईल याचा नेम नाही. लष्करातील काही अधिकाऱ्यांना बायकांच्या हाती विजेची यंत्रे देणे रुचत नव्हते, परंतु दुसरा मार्गही नव्हता. १९१६ पासून पॅरिसच्या नव्या रेडियम संस्थेत स्त्रियांसाठी एक्स-रेचे वर्ग सुरू झाले. शिकवायला आई, आणि तिच्याबरोबर एकोणीस वर्षांची लेक. वर्गात परिचारिका होत्या, सधन घरांतील मुली होत्या, फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रियाही होत्या. वीज म्हणजे काय, क्ष-किरण कसे निघतात, शरीरात कोणते हाड कुठे असते, काचेवरचा फोटो कसा धुवायचा, हे सारे थोड्या आठवड्यांत शिकायचे आणि आघाडीकडे निघायचे. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे १५० स्त्रिया तयार झाल्या. या सेवेमार्फत दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली असे सांगितले जाते. आकडा मोठा आहे. आम्हाला त्यातल्या त्या १५० बायकांचे मोल अधिक वाटते. एक्स-रे विभागात रुग्णाला नीट झोपवून, श्वास रोखायला सांगून, फोटो काढणारी जी मुलगी आज आपल्याला सर्वत्र भेटते तिची वंशावळ शोधू गेले तर त्यातली एक शाखा त्या वर्गापर्यंत जाते.

याच वर्षांत इरेनने स्वतःचे शिक्षणही सोडले नाही. आघाडीवरून परत आल्यावर ती सॉर्बोनच्या परीक्षांना बसे. १९१५ मध्ये गणित, १९१६ मध्ये भौतिकशास्त्र, १९१७ मध्ये रसायनशास्त्र अशा परीक्षा ती विशेष प्राविण्याने उत्तीर्ण झाली. युद्धानंतर रुग्णालयांतील सेवेबद्दल तिला लष्करी पदक मिळाले. आईला मात्र सरकारने युद्धसेवेबद्दल काही दिले नाही. का, ते सरकारच जाणे.

एक गोष्ट या हिशोबात धरली गेली नव्हती. क्ष-किरण शरीराला अपाय करतात हे तेव्हा अगदीच अज्ञात नव्हते. सुरुवातीच्या काळातील कित्येक तंत्रज्ञांची बोटे जळली होती. पण दारात जखमींची रांग लागलेली असताना स्वतःचे संरक्षण मागे पडे. कापडी हातमोजे, जमेल तिथे शिशाचा आडोसा, बस्स. नळीजवळ उभे राहून, पडद्यावरची सावली डोळ्यांनी पाहत मायलेकींनी असे दिवसच्या दिवस काढले. आज एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांना शिशाचे एप्रन असते, किरणे अंगावर किती पडली ते मोजणारा बिल्ला छातीवर लावावा लागतो, रुग्णाबरोबर आलेल्यांना बाहेर थांबवतात. तंत्रज्ञ आपल्याला दार लावून बाहेर काढतो तेव्हा पुष्कळांना तो अपमान वाटतो. तो नियम कोणाच्या अंगावर तावून सुलाखून आलेला आहे, ते ठाऊक असलेले बरे. १९९५ साली मादाम क्यूरींचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन स्मारकात हलवण्यासाठी थडगे उघडले गेले, तेव्हा तज्ज्ञांनी किरणोत्साराचे मोजमाप केले. रेडियमचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघाले. त्यांच्या आजाराला रेडियमपेक्षा युद्धकाळातील एक्स-रेच अधिक कारणीभूत झाले असावेत, अशी शक्यता त्यावरून वर्तवली गेली.

युद्ध संपले आणि इरेन रेडियम संस्थेत आईची सहायक म्हणून रुजू झाली. १९२१ साली अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून विकत घेतलेले एक ग्रॅम रेडियम स्वीकारण्यासाठी मादाम क्यूरी अमेरिकेला गेल्या तेव्हा दोन्ही मुली बरोबर होत्या. १९२५ मध्ये इरेनने डॉक्टरेट मिळवली. त्याच संस्थेत फ्रेडरिक जोलिओ नावाचा बोलका, हसरा तरुण आला. त्याला किरणोत्साराचे काम शिकवण्याची जबाबदारी इरेनवर पडली. स्वभावाने दोन टोके. १९२६ साली दोघांचे लग्न झाले. एलेन आणि पिएर ही त्यांची मुले. लग्नानंतर दोघांनी अनेक शोधनिबंध एकत्र लिहिले.

१९३४ च्या जानेवारीत त्या दोघांनी अल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियममधून निघणाऱ्या किरणांचा मारा केला. मारा थांबवला, पोलोनियम दूर नेले, तरी मोजणारे यंत्र टकटकत राहिले. साध्या अल्युमिनियममधून किरणोत्सारी फॉस्फरस तयार झाला होता. तो काही मिनिटांतच निवळून जाई, त्यामुळे त्या अवधीत तो रासायनिक रीतीने वेगळा करून दाखवणे हे कसबाचे काम होते. त्यांनी ते करून दाखवले. माणसाच्या हाताने किरणोत्सार निर्माण होण्याची ही पहिली वेळ. किरणांनी भाजलेल्या बोटांत मादाम क्यूरींनी ती लहानशी काचनळी धरली आणि मोजणाऱ्या यंत्राजवळ नेली. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद फ्रेडरिक पुढे कधी विसरले नाहीत. त्याच वर्षी ४ जुलैला मादाम क्यूरींचे निधन झाले. १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल लेकीला आणि जावयाला मिळाले, ते पाहायला त्या उरल्या नव्हत्या.

या शोधाचा आपल्या आजच्या विषयाशी थेट संबंध आहे. हाताने तयार करता येणारे, लवकर निवळणारे किरणोत्सारी पदार्थ मिळू लागले म्हणून शरीराच्या तपासणीची एक नवी शाखाच उघडली. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन, हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम, कर्करोगाच्या तपासणीत पेट स्कॅनसाठी फ्लोरिन. हे सारे पदार्थ कृत्रिमरीत्याच तयार करावे लागतात. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण औषध केंद्र १९६३ साली सुरू झाले. थायरॉइडच्या उपचारासाठी पहाटेची लोकल पकडून परळला गेलेली माणसे आपल्याही ओळखीत असतील. तिथे रुग्णाला जे औषध देतात त्याचे मूळ १९३४ च्या त्या अल्युमिनियमच्या पत्र्यात आहे. तरुणपणी जिने बाहेरून शरीरात किरणे सोडून लोखंड शोधले, तिच्याच शोधामुळे पुढे शरीराच्या आतून किरणे बाहेर येऊ लागली आणि रोग दिसू लागले.

१९३६ साली फ्रान्समध्ये लेऑं ब्लूम यांच्या मंत्रिमंडळात वैज्ञानिक संशोधनाची उपमंत्री म्हणून इरेनला घेण्यात आले. त्या वेळी फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचाही हक्क नव्हता. तो १९४४ मध्ये मिळाला. मत देता येत नाही, पण मंत्री होता येते, असा तो कारभार! काही महिन्यांतच तिने ते पद सोडले. फ्रेंच विज्ञान अकादमीने १९११ साली तिच्या आईला नाकारले होते. इरेननेही एकाहून अधिक वेळा अर्ज केला आणि दर वेळी तिला नकार मिळाला. नकार मिळणार हे ठाऊक असूनही ती अर्ज करत राहिली, म्हणजे स्त्रियांना दार बंद आहे हे लोकांना दिसत राहावे. त्या अकादमीची पूर्ण सदस्य म्हणून पहिली स्त्री १९७९ साली निवडली गेली.

प्रकृतीने तिला कधीच साथ दिली नाही. क्षयाने ती अनेक वर्षे आजारी होती. दुसऱ्या महायुद्धात तिला उपचारांसाठी स्वित्झर्लंडला जावे लागले, आणि फ्रेडरिक जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यात असल्यामुळे घरावर सतत टांगती तलवार होती. जून १९४४ मध्ये ती मुलांना घेऊन डोंगरवाटेने सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला पोहोचली. १९४६ साली प्रयोगशाळेत पोलोनियमची एक बंद कुपी फुटली, आणि तिच्या पुढच्या आजाराशी त्या अपघाताचा संबंध जोडला जातो. त्याच वर्षी ती आईच्या रेडियम संस्थेची संचालक झाली.

जानेवारी १९५० मध्ये ती भारतात आली होती. कोलकात्यात मेघनाद साहा यांनी उभारलेल्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन तिच्या हस्ते झाले. ही संस्था पुढे साहांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

१९५५ मध्ये पॅरिसजवळ ओर्से येथे नव्या, मोठ्या प्रयोगशाळेचे आराखडे करण्यात ती गुंतली होती. जुनी जागा अपुरी पडत होती. ताकद कमी होत चालली होती तरी ती बैठकांना जात होती. १७ मार्च १९५६ रोजी पॅरिसमधील क्यूरी रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. वय ५८. ओर्सेचे काम फ्रेडरिक यांनी हाती घेतले. ते स्वतःही आजारी होते. ऑगस्ट १९५८ मध्ये ते गेले, तेव्हा ओर्सेला प्रयोगशाळेचे काम सुरू झालेले होते.